पडद्यामागचे बाबा

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, वर्षभर मला इथे दर आठवड्याला दीड स्तंभ मिळतो आणि त्यातलाही पाव भाग जाहिरात खाऊन टाकते. दिवाळी अंकात मात्र संपादक उदार होतात. ‘यंदा जागा हवी तेवढी घ्या, पण काहीतरी घरगुती लिहा,’ असा त्यांचा निरोप आला. घरगुतीच लिहायचे तर गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले ते लिहितो. त्यात शेक्सपिअर येतो, त्याला माझा इलाज नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा घरात माझ्या शब्दाला कितपत वजन असेल, हे सुज्ञांनी ओळखावे. घरात माझी आई, सौ. आणि यंदा अकरावीत गेलेली कन्या. कन्या इंग्रजी माध्यमातली. तिचे वाचन अफाट आहे, पण माझ्या काचेच्या कपाटातल्या पुस्तकांना तिचा हात सहसा लागत नाही. हे माझे एक जुने दुखणे.

आषाढातली संध्याकाळ होती. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. कन्या गॅलरीच्या दाराशी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडून बसली होती आणि त्यात इतकी रंगून गेली होती की मला शंका आली. अर्थशास्त्रात इतका रंगलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. (वाणिज्य शाखेतल्या सहकाऱ्यांनी रागावू नये.) जवळ जाऊन पाहिले, तो अर्थशास्त्राच्या पोटात दुसरेच पुस्तक निघाले. यात मला रागावण्यासारखे काही नव्हते. मीही भूगोलाच्या पुस्तकात ‘फास्टर फेणे’ लपवून वाचलेला आहे. पण पुस्तकाचे नाव वाचून मी थबकलो. ‘ऑफेलिया’.

“हॅम्लेटमधली ऑफेलिया?” मी विचारले.

“हो. पण ही कादंबरी आहे. ऑफेलिया स्वतः सांगते सगळं.”

“मूळ नाटक वाचलंस?”

“नाही.”

“मग काय उपयोग? आंबा खाल्ला नाही आणि आंबापोळीवरून चव ठरवायची!”

उपमा मला स्वतःलाच आवडली. वर्गात वापरावी असे मनात येते न येते, तोच कन्या म्हणाली, “तुम्ही ही कादंबरी वाचलीत?”

“छे!”

“मग आंबापोळीची चव तुम्हाला कशी कळली?”

आतल्या खोलीतून आईचे हसणे ऐकू आले. शेवटी तिनेच मध्यस्थी केली आणि करार ठरला. कन्येच्या मैत्रिणींच्या संग्रहात अशा कादंबऱ्यांची रासच होती. त्यांतल्या तीन मी वाचायच्या. बदल्यात त्यांच्या मुळाशी असलेली तीन नाटके कन्येने माझ्याबरोबर मोठ्याने वाचायची. शनिवार-रविवार, रात्रीची जेवणे झाल्यावर. आईसाठी मी मधूनमधून मराठीत सांगायचे.

इथे वाचकांपासून एक गोष्ट लपवून चालणार नाही. या कराराच्या महिनाभर आधी कन्येचा मोबाइल स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी पाणी प्यायला गेलो आणि त्यावर एक निरोप उजळला. नाव मुलाचे होते. मी इकडे तिकडे पाहिले, मोबाइल उघडला आणि तो निरोप, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा, असे करत चांगली वीस मिनिटे वाचत उभा राहिलो. त्यांत वावगे काहीही नव्हते. गणिते होती, क्रिकेट होते, कॉलेजच्या कँटीनमधल्या वड्याची निंदा होती. तरीही रात्री मी कन्येला बोलावले. कसे कळले ते सांगितले नाही. एवढेच म्हणालो, “त्या मुलाशी फार बोलणं वाढवू नकोस. दिवस अभ्यासाचे आहेत.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “बरं, बाबा.”

मला मोठे समाधान वाटले. सौ.ला मी म्हटलेदेखील, “पोरगी गुणाची आहे हो. एका शब्दात ऐकलं.” सौ. मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही.

तर आम्ही ‘हॅम्लेट’ वाचायला बसलो. कामे वाटून घेतली. ऑफेलिया अर्थातच कन्येकडे. हॅम्लेट मी स्वतःकडे घेतला. शिवाय पोलोनियस, ऑफेलियाचा बाप, राजाचा मुख्य सल्लागार, तोही माझ्याकडेच आला. पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश आला. ऑफेलियाचा भाऊ परदेशी निघाला आहे. निघताना तो बहिणीला उपदेश करतो, की राजपुत्राच्या प्रेमावर विसंबू नकोस. मग बाप येतो. तो आधी मुलाला उपदेश करतो आणि मुलगा गेल्यावर मुलीला. उपदेश लांबलचक आहे. शब्दांशी खेळ करीत, स्वतःच्या कोट्यांवर खूश होत पोलोनियस मुलीला बजावतो की, यापुढे त्या तरुणाशी बोलायचे नाही. मी अगदी रंगून वाचत होतो. वाचून संपले. आता ऑफेलियाचे एक छोटेसे वाक्य होते. ती म्हणते की, मी आपल्या आज्ञेप्रमाणे वागेन.

कन्येने ते वाक्य वाचले. पुस्तकातून मान वर न करता, अगदी सपाट आवाजात. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्या रात्रीच्या ‘बरं, बाबा’चाच तो आवाज होता.

मी घाईने पान उलटले.

पुढे तर माझी अवस्था फारच कठीण झाली. हा पोलोनियस आपल्या मुलाच्या मागेही हेर पाठवतो. पॅरिसला जाऊन माझ्या मुलाबद्दल थोड्या खोट्या कंड्या पिकव आणि लोक काय म्हणतात ते ऐक, अशी त्याची शिकवण! ऑफेलिया घाबरलेल्या अवस्थेत धावत येते. विस्कटलेल्या कपड्यांतला हॅम्लेट तिच्या खोलीत येऊन, एक शब्दही न बोलता तिच्याकडे पाहत राहून निघून गेलेला असतो. मुलीला धीर देण्याऐवजी बाप तिला म्हणतो की चल, हे राजाला सांगू. तिला आलेले पत्र तो राजा-राणीसमोर जाहीर वाचतो, त्यातल्या भाषेवर टीकाही करतो. (ही खोड शिक्षकांचीच.) आणि तिसऱ्या अंकात मुलीच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक देऊन तिला राजवाड्यात एकटी उभी करतो आणि स्वतः राजाबरोबर आड लपून ऐकत राहतो.

हॅम्लेट येतो. दोघांचे बोलणे वाढत जाते आणि मध्येच तो विचारतो की तुझे वडील कुठे आहेत. ऑफेलिया उत्तर देते की ते घरी आहेत.

कन्या थांबली. “बाबा, ती खोटं बोलते.”

“हो. वडील मागेच उभे आहेत, हे तिला माहीत आहे.”

“मग त्या पूर्ण प्रवेशात ती खरं कसं बोलेल? तिला माहीत आहे की बाबा ऐकतायत.”

गेली वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना नाट्यसंवाद शिकवतो. दोन पात्रांच्या संवादात न दिसणारे तिसरे पात्र असले म्हणजे प्रत्येक शब्दाला दोन तोंडे फुटतात, हे मी फळ्यावर लिहूनही दिलेले आहे. पण ते त्या मुलीच्या बाजूने मला कधी सुचले नव्हते. मी आजवर हॅम्लेटच्या बाजूने वाचत आलो होतो. फार तर कधी लपलेल्या राजाच्या बाजूने. आणि या प्रवेशाचा शेवट तर पाहा. हॅम्लेट निघून जातो, मुलगी उद्ध्वस्त होऊन उभी असते आणि बाप पुढे येऊन तिला सांगतो की, तो काय म्हणाला ते सांगायची तुला गरज नाही, आम्ही सगळे ऐकले आहे.

“नालायक मेला!” आई म्हणाली.

आता कादंबरीकडे वळतो. लिसा क्लाइन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००६ साली निघाली. २०१८ मध्ये तिच्यावरून चित्रपटही झाला. कादंबरीतली ऑफेलिया आईविना वाढलेली, हुशार, वनौषधी जाणणारी, राणीच्या महालात सखी म्हणून राहणारी आहे. तिचे हॅम्लेटशी गुपचूप लग्न होते. पुढे जीव धोक्यात आल्यावर ती वेडाचे सोंग घेते, बुडून मेल्याचे नाटक करते आणि फ्रान्समधल्या एका मठात जाऊन राहते. तिथे तिला मुलगा होतो. म्हणजे ती वाचते.

माझे मत सांगतो. कादंबरी वेगवान आहे, मुलीच्या तोंडची भाषा स्वच्छ आहे आणि पोलोनियसच्या घरातले प्रेमशून्य वातावरण लेखिकेने फार छान उभे केले आहे. पण ती सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देते आणि तिथे माझी पंचाईत होते. नाटकात ऑफेलिया पाचच प्रवेशांत बोलते. चौथ्या अंकात ती भ्रमिष्ट होऊन गाणी गात, फुले वाटत येते तेव्हा अंगावर काटा येतो. कारण इतके दिवस जे बोलता आले नाही, ते फुटक्या मडक्यातल्या पाण्यासारखे वाटेल तिथून गळते आहे. ते वेड सोंग आहे असे ठरवले की तो काटा गेला. तिचा मृत्यूही नाटकात दिसत नाही. राणी येऊन सांगते तेवढाच. ओढ्यावर वाकलेला वृक्ष, हातातल्या फुलांच्या माळा, मोडलेली फांदी. ती पडली की तिने स्वतःला जाऊ दिले, हे शेक्सपिअरने उघडे ठेवले आहे.

मी हे सारे कन्येला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“बरोबर आहे. पण तिला एकदा तरी कुणीतरी वाचवायला हवं होतं ना, बाबा? चारशे वर्षं झाली.”

यावर माझ्याजवळ तयार उत्तर होते आणि वाचकहो, तेच माझ्या अंगलट आले. मी म्हटले, “हे सगळं उष्टं गं! दुसऱ्याच्या ताटातलं.” हा माझा लाडका सिद्धांत. वर्गात टाळी घेणारा. बोलून झाल्यावर प्राध्यापकी सवयीने मी जरा मुळे शोधायला बसलो, तो मुळाशी उष्ट्याचाच ढीग! हॅम्लेटची गोष्ट मुळात सॅक्सो नावाच्या डेन्मार्कच्या इतिहासकाराने इसवी सन १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेली. बेलफोरे या फ्रेंच लेखकाने ती १५७० मध्ये आपल्या भाषेत नेली आणि तिथून ती इंग्लंडात आली. सॅक्सोच्या गोष्टीतही राजपुत्राला बोलता करण्यासाठी एका तरुणीचे आमिष लावलेले आहे. तिला नावसुद्धा नाही. पण गंमत अशी की, ती तरुणी राजपुत्राची लहानपणची सोबतीण असते आणि राजाच्या माणसांना ती काही म्हणजे काही सांगत नाही. शेक्सपिअरने तिला नाव दिले, बाप दिला, भाऊ दिला आणि तिची हिंमत काढून घेतली. क्लाइनबाईंनी ती परत दिली, असे म्हणायला हरकत नाही.

‘रोमिओ आणि जुलिएट’ची हकिकत तर याहून बोलकी आहे. शेक्सपिअरच्या आधी, १५६२ साली, आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रज कवीने हीच कथा लांबलचक पद्यात लिहिली होती. तिच्या प्रस्तावनेत त्याने वाचकांना बजावले आहे की, आईबापांचा सल्ला न मानता वासनेच्या नादी लागणाऱ्या दुर्दैवी प्रेमिकांची ही गोष्ट आहे, तिच्यावरून धडा घ्यावा. म्हणजे पुस्तक पालकांच्या बाजूचे! शेक्सपिअरने त्याच कथेवर नाटक रचले आणि तो धडा खुशाल टाकून दिला. ब्रुकच्या काव्यात महिनोन्महिने चालणारी गोष्ट त्याने चार-पाच दिवसांत आणून बसवली. ब्रुकची जुलिएट सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने तिचे वय आणखी कमी केले. नाटकातल्या जुलिएटला चौदावे अजून पुरे व्हायचे आहे. आणि या एवढ्याशा पोरीने ठरवलेल्या स्थळाला नाही म्हणताच तिचा बाप असा काही उसळतो की, गुरुवारी लग्नाला उभी राहा, नाहीतर घराबाहेर हो, उपाशी मर. तो प्रवेश वाचताना मला आपला देवलांचा कांचनभट आठवला. ‘शारदा’ नाटक १८९९ चे. बापाने पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली ती मुलगी मी दर दोन-तीन वर्षांनी वर्गात शिकवतो. शारदेच्या तोंडून सगळी हकिकत सांगणारी एखादी कुमारांसाठीची मराठी कादंबरी वाचायला मला मनापासून आवडेल. कुणी लिहील तर पहिली प्रत मी घेईन.

जुलिएटवरची जी कादंबरी कन्येने माझ्या हाती दिली ती इंग्लंडातल्या मॅलरी ब्लॅकमन यांची. ‘नॉट्स अँड क्रॉसेस’, सन २००१. आपण मुले वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळतो, तेच हे नाव. इथे दोन घराण्यांच्या वैराऐवजी दोन वर्णांचे वैर आहे आणि लेखिकेने ते उलटे करून मांडले आहे. काळे लोक राज्यकर्ते, गोरे लोक पूर्वीचे गुलाम. काळ्या मंत्र्याची मुलगी सेफी आणि त्यांच्याकडे कामाला असलेल्या गोऱ्या बाईचा मुलगा कॅलम यांची ही गोष्ट. प्रकरणे आळीपाळीने दोघांच्या तोंडची.

ही कादंबरी मी एका रात्रीत संपवली, हे आता कबूल करतो. तिच्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेत एका गोऱ्या मुलीच्या कपाळाला जखम झालेली असते आणि त्यावर औषधाची पट्टी असते, गडद तपकिरी. गोऱ्या कातडीवर ती केवढी तरी उठून दिसते. तेव्हा सेफीच्या प्रथमच लक्षात येते की, बाजारात पट्ट्या मिळतात त्या फक्त आपल्या रंगाच्या. एवढीशी पट्टी, पण जी गोष्ट पानेच्या पाने भाषण करून पटणार नाही ती तिने पटते. ‘तुझ्याजवळ असलेली गोष्ट तुला दिसत नाही’ हे सांगायची ही रीत मला मोठ्या लेखकाची वाटते. शेवट सांगून वाचकांचा विरस करत नाही. इतकेच सांगतो की, सेफीचा मंत्री-बाप तिच्यापुढे जो सौदा ठेवतो तो वाचून जुलिएटचा बाप मला पुष्कळ सुसह्य वाटू लागला. ही कादंबरी पुढे पुन्हा रंगभूमीवर गेली. डॉमिनिक कुक यांनी केलेले तिचे नाट्यरूप रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००७ मध्ये रंगभूमीवर आणले. नाटकातून कादंबरी आणि कादंबरीतून नाटक, तेही शेक्सपिअरच्याच नावाने चालणाऱ्या मंडळीकडून. आता यात आंबा कोणता आणि आंबापोळी कोणती?

मध्यंतरी मला आणखी एक गोष्ट सापडली. मुलांसाठी शेक्सपिअर सोपा करून लिहिणारी पहिली प्रसिद्ध जोडी म्हणजे चार्ल्स आणि मेरी लँब ही भावंडे. पुस्तक १८०७ चे. शोकनाटके भावाने लिहिली आणि बाकीची, म्हणजे बहुतेक सगळी, बहिणीने. तरी पहिल्या आवृत्तीवर नाव भावाचेच! या पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की, हे लेखन विशेषतः मुलींसाठी आहे. कारण मुलग्यांना वडिलांच्या ग्रंथसंग्रहात पुष्कळ आधी मोकळीक मिळते, मुलींना मिळत नाही. हे वाचले आणि माझी नजर माझ्या काचेच्या कपाटाकडे गेली. त्याला कुलूप आहे. किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी माझ्या टेबलाच्या खणात असते. पुस्तकांना धूळ लागू नये म्हणून, असे मी सांगत आलो आहे. कन्येचा हात त्या पुस्तकांना लागत नाही, हे दुखणे मी वर सांगितलेच आहे. किल्लीचे सांगायचे राहिले होते.

तिसरे नाटक ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’. शायलॉक म्हटला की आपल्याला पौंडभर मांस आणि न्यायालय आठवते. त्याला जेसिका नावाची मुलगी आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही नसते. ती मुलाचा वेष करून, बापाची मोहरांची आणि दागिन्यांची पेटी घेऊन, ख्रिस्ती प्रियकराबरोबर पळून जाते. पुढे शायलॉकला बातमी कळते की तिने एक अंगठी देऊन माकड विकत घेतले. ती अंगठी शायलॉकला त्याच्या बायकोने लग्नाआधी दिलेली असते. त्या एका बातमीने तो माणूस जसा कळवळतो, तसा तो साऱ्या नाटकात पैशासाठीही कळवळत नाही. इथे मी कन्येला म्हटले, “बघ. इथे बापाला काय वाटतं तेही लिहिलंय.”

“हो,” ती म्हणाली, “पण जेसिकाला कळत नाही ना ते. तो तिच्यासमोर कधी बोललाच नाही.”

मिर्याम प्रेस्लर या जर्मन लेखिकेने १९९९ मध्ये ‘शायलॉकची मुलगी’ या नावाची कादंबरी लिहिली. अॅन फ्रँकची रोजनिशी जर्मनमध्ये आणणाऱ्या त्या याच. नाटकात ‘गेटो’ हा शब्द एकदाही येत नाही. खऱ्या व्हेनिसमध्ये मात्र १५१६ पासून ज्यूंची वस्ती वेगळी काढलेली होती, रात्री तिची दारे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा खर्चही ज्यूंनाच द्यावा लागे. प्रेस्लरबाई आपल्याला त्या वस्तीत नेतात. जेसिकाबरोबर वाढलेली दलीला नावाची दुसरी मुलगी त्यांनी कल्पिली आहे. ती घरातच राहते. एक पळून जाते, एक मागे राहते आणि दोघींचेही पटते. तिन्ही कादंबऱ्यांत मला ही अधिक पिकलेली वाटली. हिच्यात बाप समजून घेतला आहे म्हणून मला तसे वाटत असेल, अशी शंका कन्येने बोलून दाखवली. शंका रास्त आहे.

करारातल्या तीन कादंबऱ्या संपल्या तरी कन्येने चौथी माझ्या उशाशी ठेवली. सुझन कूपर यांची ‘किंग ऑफ शॅडोज’. तिच्यात आईबाप गमावलेला एक अमेरिकन मुलगा लंडनच्या नव्या ग्लोब नाट्यगृहात काम करायला येतो, आजारी पडतो आणि जागा होतो तो १५९९ सालात. तिथे खुद्द शेक्सपिअर त्याला जवळ घेतो. शेक्सपिअरचा स्वतःचा मुलगा हॅम्नेट तीन वर्षांपूर्वीच, अकराव्या वर्षी वारलेला. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा तिने डोळे पुसले आणि विचारले, “अरे, त्याला मुली नव्हत्या का?”

“दोन होत्या. धाकटी ज्युडिथ, त्या मुलाची जुळी बहीण.”

“शिकलेल्या?”

मला सांगावे लागले. १६११ सालच्या एका दस्तावर ज्युडिथने सहीऐवजी निशाणी केली आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बघ हो. एवढा लिहिणारा बाप!”

कोजागिरीच्या रात्री आम्ही गच्चीवर दूध आटवून बसलो होतो. आईची फर्माईश झाली की ‘हॅम्लेट’मधला तो बापलेकीचा प्रवेश पुन्हा वाचा. पण या वेळी कामे बदला. कन्येने पोलोनियस घ्यावा, मी ऑफेलिया.

वाचकहो, हा प्रयोग आपण घरी जरूर करून पाहा. पोलोनियसच्या कामात मला कधी कळले नव्हते की समोर बसलेल्या माणसाने काय करायचे. ऑफेलियाला काही कामच नाही. भाऊ बोलत असतो, आपण ऐकायचे. बाप बोलत असतो, आपण ऐकायचे. मध्ये एक-दोन वाक्ये मिळतात, ती बोलू लागावे तो बाप त्यांतला शब्द पकडून त्याचीच कोटी करतो. कन्या मोठ्या ठसक्यात वाचत होती. माझ्याच सारखी, चष्मा नसूनही तो वर सरकवीत. सौ.ला हसू आवरेना. शेवटी माझे ते एकच वाक्य आले. मी ते वाचले आणि खरे सांगतो, सपाट आवाजाशिवाय दुसऱ्या कोणत्या आवाजात ते वाचता येईल हे मला उमगले नाही.

पुस्तक मिटले. दुधाचे पेले फिरले. मी म्हणालो, “जूनमध्ये मी तुझा मोबाइल उघडून वाचला होता.”

सौ.चा हात पातेल्यावर थांबला. कन्या चंद्राकडे पाहत होती.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही वाचलंत तेव्हा त्याच्याकडे दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, वाचूनही उत्तर का नाही दिलंस. मी तर तेव्हा आंघोळीला गेले होते.”

“मग तू मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे होतं? तुम्ही सांगितलंत. मी बरं म्हटलं.”

“आणि त्या मुलाशी—”

“बोलते. गणितं तोच समजावून सांगतो. तुम्हाला येतात का?”

मला येत नाहीत. मी मराठीचा. मी एवढेच म्हणालो की, पुन्हा वाचणार नाही. तिने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. मात्र दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली मी कुलपालाच लावून ठेवली. आठ दिवस ती तशीच होती. नवव्या दिवशी एका खणातल्या पुस्तकांच्या रांगेत एक फट दिसली. कोणते पुस्तक गेले ते मी मुद्दाम पाहिले नाही. (थोडेसे पाहिले. आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे १८८३ सालचा मराठी ‘हॅम्लेट’.)

परवा आईने विचारले की आता पुढचे नाटक कोणते. मी म्हटले, ‘टेम्पेस्ट’ घेऊ. त्यात एका बेटावर बाप आणि मुलगी असतात आणि मग एक तरुण वादळात सापडून तिथे येतो.

कन्येने चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “त्यातही बाप आड उभा राहून ऐकतो का?”

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश ती आज ना उद्या वाचणारच.

“ऐकतो,” मी म्हटले.